‘मला काहीही चालेल’

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून:

“मी ५८ वर्षांची, निवृत्त चित्रकला शिक्षिका. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान शहरात राहते. कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या आम्ही चौघी मैत्रिणी येत्या मेअखेरीस पंधरा दिवस युरोपला निघालोय. पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. सगळी आखणी बँकेतून निवृत्त झालेल्या मैत्रिणीनं केलीय, तिला आम्ही ‘कॅप्टन’ म्हणतो. तिची एक्सेल शीट सकाळी साडेसातपासून रात्री दहापर्यंत भरलेली आहे. माझ्या डाव्या गुडघ्याची झीज सुरू झालीय, पण हे मी तिघींना सांगितलेलं नाही. ग्रुपवर मी आजवर ‘मला काहीही चालेल’ एवढंच लिहीत आले. माझी एकच इच्छा आहे. ॲमस्टरडॅमला व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र आहे. कॅलेंडरातून कापून ठेवलेल्या त्या चित्रावरून मी तीस वर्षं मुलांना उजेड आणि सावली शिकवली. शीटमध्ये ॲमस्टरडॅमला एकच पूर्ण दिवस आहे. सकाळी ट्युलिपची बाग, दुपारी पवनचक्क्या, संध्याकाळी बोट. चित्र कुठेच नाही. विमानाची तिकिटं काढून झालीत, पॅरिसला उतरून रोमहून परत यायचंय. हॉटेलं अजून रद्द करता येतात. व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांवर आहे. मिस्टर म्हणतात, नसेल झेपत तर रद्द कर. सांगितलं तर सगळ्यांचा बेत बिघडेल, नाही सांगितलं तर मी मागे रेंगाळून त्यांच्या मजेत विघ्न आणेन. तिघींवर ओझं व्हायचं नाही मला. काय करू?”

ताई,

तुमच्या मूळ पत्रात ‘मला काहीही चालेल’ हे वाक्य तीन वेळा आलंय. एकदा शहरांबद्दल, एकदा हॉटेलच्या खोल्यांबद्दल, एकदा जेवणाबद्दल. आणि त्याच पत्रात तुम्ही एका चित्राबद्दल दीड पान लिहिलंय. तो निळा एप्रन, पावाच्या कवचावरचे उजेडाचे ठिपके, पांढऱ्या भिंतीत ठोकलेला खिळा आणि त्याची बारीकशी सावली. भिंतीतल्या खिळ्याच्या सावलीबद्दल जिला इतकं बोलायचं आहे, तिला काहीही चालत नाही. तिला काय हवंय ते तिला नेमकं ठाऊक आहे. फक्त ज्या तिघींना ते सांगायला हवं, त्यांना सोडून तुम्ही ते मला सांगितलंत.

हे मी दोष म्हणून लिहीत नाही. ‘काहीही चालेल’ हे आपल्याकडे चांगल्या बाईचं लक्षण मानलं गेलंय. घरात शेवटी जेवायचं, गाडीत मधल्या सीटवर बसायचं, हॉटेलात ‘तुम्ही मागवाल ते’ म्हणायचं. या वाक्यानं माझंही एकदा नुकसान केलंय, म्हणून ते इतकं टोचलं. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघी मैत्रिणी इटलीला गेलो होतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जिना अरुंद. मला बंद जागेची भीती वाटते. आदल्या रात्री मैत्रिणीनं विचारलं, “तिकीट काढू ना तुझं?” मी म्हटलं, “काढ की, मला चालेल.” दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत छातीत धडधडायला लागलं. मागे माणसांची रांग होती, उलटं फिरायला जागा नव्हती. वर पोचले तेव्हा समोर सगळं लाल कौलांचं शहर पसरलेलं आणि मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी. तो अख्खा दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनं मला विचारलं होतं. खोटं मी बोलले होते. हे स्वतःशी कबूल करायला मला घरी परतल्यावर कितीतरी महिने लागले.

आता जरा कॅप्टनच्या जागी बसून बघा. तीन जणी ‘तू ठरवशील ते’ म्हणून मोकळ्या झाल्यात. कुणाला चित्रं आवडतात, कुणाला बाजार, कुणाला नुसतं नदीकाठी बसायला आवडतं, यातलं तिला कुणी काही सांगितलेलं नाही. अशा वेळी जबाबदार बाई काय करते? सगळंच घेते. साडेसात ते दहा भरलेली ती शीट मला हट्टाची वाटत नाही. मला त्यात धास्ती दिसते. उद्या परतल्यावर ‘अगं, इतक्या लांब जाऊन हे नाही दाखवलंस?’ असं कुणी म्हणू नये, याची धास्ती. शिवाय माणशी काही लाख रुपये चाललेत, ते ‘वसूल’ झाले पाहिजेत, हा हिशेब बँकेत आयुष्य गेलेल्या बाईच्या डोक्यात असणारच. तुम्ही न बोलून तिच्यावर माया केलीत असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुम्ही तिघींनी मिळून तिला एकटं पाडलंत.

‘ओझं’ हा तुमचा दुसरा शब्द. तुम्ही ओझं व्हाल हे ठरवलं कुणी? त्या तिघींपैकी कुणी तसं म्हटल्याचं पत्रात नाही. म्हणजे त्यांच्या वतीनं निकाल तुम्हीच देऊन टाकलात. आणि अट्ठावन्नाव्या वर्षी चौघींपैकी एकीचाच गुडघा कुरकुरतोय आणि बाकी तिघी ठणठणीत आहेत, यावर माझा फारसा विश्वास नाही. कुणाला टाचदुखी असेल, कुणाची बीपीची गोळी असेल, कुणाला दर दीड तासानं स्वच्छतागृह शोधावं लागत असेल. त्यासुद्धा ‘माझ्यामुळे बेत बिघडायला नको’ म्हणून गप्प असू शकतात. पहिली बोलेपर्यंत अशा ग्रुपमध्ये सगळ्या जणी तरुण असतात.

एक थोडं कडू विचारते, रागावू नका. तुम्ही वाचवताय ते मैत्रिणींच्या मजेला, की हॉस्टेलचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढणाऱ्या त्या मुलीच्या प्रतिमेला? तिला जपावंसं वाटणं साहजिकच आहे. फक्त निर्णय घेताना कोणासाठी घेतोय ते ठाऊक असलेलं बरं.

आता तुमच्यापुढचे रस्ते. रद्द करणं हा एक. डॉक्टरांनीच जाऊ नका म्हटलं तर विषय संपला. पण पत्रावरून तसं दिसत नाही. ‘जिने टाळा, सलग फार उभं राहू नका’ एवढंच त्यांनी सांगितलंय. मग खरं कारण न सांगता रद्द केलंत तर तिघी आपापल्या मनानं कारण शोधतील, आणि शोधलेली कारणं गुडघ्यापेक्षा वाईट असतात. पैसा कमी पडला असेल, घरचे सोडत नसतील, आमच्याबरोबर यायचंच नसेल. चाळीस वर्षांच्या मैत्रीत अशी फट कशाला पाडायची?

दुसरा रस्ता, गप्प बसून जाणं. तो कसा जाईल ते मी सांगते. पॅरिसची मेट्रो फार जुनी. चौदा नंबरची लाइन सोडली तर लिफ्ट असलेली स्थानकं थोडी आणि गाडी बदलताना लांबलचक बोळ आणि जिने. दुसऱ्या दिवशी माँमार्त्रच्या टेकडीवर सगळ्या पायऱ्यांनी निघतील, कारण कुणालाच कारण ठाऊक नसेल न चढण्याचं. प्रागच्या आणि रोमच्या जुन्या भागात दगडी गोट्यांचे रस्ते, पाऊल सपाट पडतच नाही. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल, बहुतेक पायऱ्यांचे, आणि हातात बॅग. आपल्यासारखे हमाल तिकडच्या स्थानकांवर मिळत नाहीत, हे तर धरूनच चाला. कुठेतरी पाचव्या-सहाव्या दिवशी गुडघा सुजेल आणि तेव्हा ते सांगावंच लागेल. तेव्हा मात्र खरोखर बेत बिघडेल, कारण तिकिटं काढून झालेली असतील आणि बदलायला काही उरलेलं नसेल. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते गप्प बसण्यानंच घडतं.

राहिला तिसरा रस्ता, आत्ता सांगण्याचा. आत्ता म्हणजे व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या आधी, आणि यामागे एक कोरडं व्यावहारिक कारण आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. अर्जाला हॉटेलांची बुकिंग आणि रोजचा प्रवास जोडावा लागतो. तुमच्या शीटमध्ये इटलीच्या चार रात्री, फ्रान्सच्या तीन. एक-दोन रात्री इकडच्या तिकडे झाल्या तर अर्ज कोणत्या देशाकडे जायचा तेही बदलू शकतं. मागाहून बदलण्यापेक्षा आत्ता बदलणं सगळ्यांनाच सोपं.

सांगायचं कसं? ग्रुपवर नको. तिथे लिहिलंत तर कॅप्टनला वाटेल की चारचौघींत तिच्या कामात खोट काढली. आधी तिला एकटीला फोन करा, शक्य असेल तर एसटीत बसून तिच्याकडेच जा. गुडघ्यापासून सुरुवात करा, पण आकड्यांत. ‘मला त्रास होतो’ यातून तिला काहीच कळणार नाही. ‘मी सलग तासभर चालू शकते, मग वीस मिनिटं बसावं लागतं, शंभराच्या वर पायऱ्या मी चढणार नाही, आणि उतरताना मला जास्त दुखतं’ असं सांगितलंत तर शीट बनवणाऱ्या माणसाला त्यातून वाट काढता येते. मग चित्राचं सांगा. मला लिहिलंय तसंच, खिळ्यासकट. आणि तिसरं, तिच्या डोक्यावरचं थोडं काम उचला. ‘संग्रहालयांचं सगळं मी बघते’ म्हणा. चौघींत चित्रकलेची शिक्षिका तुम्ही, आणि संग्रहालयांच्या वेळा बँकेतल्या बाईनं शोधत बसायच्या, हे कसं झालं?

त्या कामात काय काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्ही रिकाम्या हातानं जाणार नाही. पॅरिसच्या संग्रहालयांपैकी लुव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से सोमवारी. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा, तेव्हा प्रवेश फुकट आणि म्हणून गर्दी अफाट. उलट काही वारी उशिरापर्यंत उघडी असतात. लुव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस गुरुवारी नऊपर्यंत. सहलींचे जथे तोवर जेवायला गेलेले असतात. व्हिएन्नाच्या या संग्रहालयात ब्रॉयगल या चित्रकाराची जगातली सगळ्यात जास्त चित्रं एकत्र आहेत. बर्फातून परतणारे शिकारी, बाबेलचा मनोरा. तुम्ही नक्की रमाल, आणि घुमटाखालच्या कॅफेत बाकीच्या तिघीही रमतील. वार जुळवून बघा, निदान एक संध्याकाळ तरी सापडेल.

आणि आता ती गोष्ट, जी तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी दिसली. शीटमध्ये ॲमस्टरडॅमची सकाळ ट्युलिपच्या बागेला दिलीय. ती बाग म्हणजे लिस्से गावाजवळचं क्युकेनहॉफ असणार. ते वर्षातून फक्त आठेक आठवडे उघडतं, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. तुम्ही पोचाल तेव्हा ते बंद झालेलं असेल आणि शेतांतली फुलंही खुडून झालेली असतील. म्हणजे तुमच्या चित्रासाठी कुणाचंही काही काढून घ्यावं लागत नाही. अख्खी सकाळ रिकामीच आहे. हे कॅप्टनला सांगताना मात्र चूक पकडल्याच्या सुरात सांगू नका. सिनेमातली गाणी बघून आपल्याला सगळ्यांनाच वाटतं की हॉलंडमध्ये बारमाही ट्युलिप फुलतात.

सात शहरांबद्दलही तिच्याशी बोला. माझं स्पष्ट मत आहे की तेरा रात्रींत सात शहरं जास्त होतात, ठणठणीत गुडघ्यांनासुद्धा. हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडायचं, पुढच्या हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळणार, मधे स्टेशन, बॅगा, वाट चुकणं. शहर बदलायचा प्रत्येक दिवस अर्धा असाच जातो. सातांतलं एक गाळलं तर हातात एक पूर्ण दिवस पडतो. कोणतं गाळायचं ते मी सांगणार नाही, कारण प्राग कुणाच्या जिवाजवळचं असेल ते मला माहीत नाही. चौघींनी प्रत्येकी एकच गोष्ट सांगायची, जी नाही बघितली तर हळहळ वाटेल. चार गोष्टी आधी शीटमध्ये बसवायच्या, पक्क्या. उरलेलं सगळं जमलं तर. तुमची गोष्ट ठरलेलीच आहे. बाकी तिघींची काय आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का?

आता बरोबर असण्याबद्दल. हॉस्टेलमध्ये तुम्ही चौघी दिवसभर एकत्र होता का? वर्ग वेगळे, लायब्ररी वेगळी, एकीचा एनसीसीचा तास तर दुसरी झोपलेली. भेट व्हायची ती मेसमध्ये आणि रात्री कॉटवर, आणि बोलण्यासारखं खूप असायचं कारण प्रत्येकीनं दिवसभरात काहीतरी वेगळं केलेलं असायचं. सहलीत आपण हे विसरतो. चौघींनी एकाच वेळी एकाच पुतळ्यापुढे उभं राहिलं पाहिजे असं धरतो, आणि मग रात्री बोलायला ‘पाय दुखले’ एवढंच उरतं.

म्हणून दुपारी दोन ते पाच प्रत्येकीनं आपापलं असावं, असं सुचवते. ज्यांना चालायचंय त्या चालतील, ज्यांना खरेदी करायचीय त्या करतील, तुम्ही खोलीवर पाय वर करून पडा. यात काही हुकत नाही, कारण मेअखेरीस पॅरिसमध्ये आणि ॲमस्टरडॅममध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, रोममध्ये साडेआठच्या सुमारास. आपल्याकडे सातला अंधार म्हणून आपण दुपार दामटवून संपवतो. तिकडे पाचला पुन्हा बाहेर पडलात तरी तीन-चार तास लख्ख उजेड असतो, आणि तो उजेड दुपारपेक्षा सुंदर असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्या वाचकांना तर दुपार टाळण्याचं आणखी एक कारण आहे. अलीकडच्या उष्णतेच्या लाटांत अथेन्सचं ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलंय, आणि तिकडच्या जुन्या इमारतींत एसी असतोच असं नाही.

वेगळं होताना थोडी काळजी घ्या. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. प्रत्येकीचा स्वतःचा डेटा, एकीच्या हॉटस्पॉटवर चौघींनी अवलंबून राहायचं नाही. भेटायची जागा म्हणजे ‘टॉवरखाली’ नव्हे, जिथे खुर्ची आहे असा एखादा कॅफे. उशीर झाला तर किती वेळ थांबायचं तेही आधी ठरलेलं असू द्या. ११२ हा आणीबाणीचा नंबर संपूर्ण युरोपियन युनियनमध्ये चालतो. मेट्रोत आणि गर्दीच्या चौकांत पाकीटमार असतात, पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाउचमध्ये ठेवा. परक्या देशात एकटीनं बसायची भीती वाटत असेल तर सुरुवात व्हिएन्नापासून करा. तिथल्या जुन्या कॉफीहाउसात एका कॉफीवर तासन्‌तास बसलं तरी कुणी उठवत नाही. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास आपोआप येतो, लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं असतात. स्केचबुक घेऊन बसा.

बसण्यावरून आठवलं. ‘थकले की कुठेही पायरीवर टेकू’ असं मनात धरून जाऊ नका. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर २०१९पासून बसायला बंदी आहे, दंड होतो. व्हेनिसच्या सॅन मार्को चौकातल्या पायऱ्यांवरही बसू देत नाहीत. इटलीतल्या कॅफेत काउंटरशी उभं राहून कॉफी घेतली तर स्वस्त, टेबलाशी बसलात की तीच महाग. स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांना बहुधा पैसे पडतात, सुटी नाणी लागतात. म्हणून खर्चाच्या हिशेबात ‘बसणं’ नावाचा एक रकाना ठेवा. दिवसाला दोनदा टेबलाशी बसून काहीतरी घेणं, ही चैन धरू नका. तो तुमच्या गुडघ्याचा प्रवासखर्च आहे. आणि तो चौघींच्या सामाईक पैशांतून घ्यावा की नाही, याचा संकोच नको. हॉटेल, टॅक्सी, किराणा सामाईक. प्रवेशतिकिटं, खरेदी आणि हे बसणं टीटीएमएम, तू तुझं मी माझं. ज्याला घुमटावर चढायचंय त्यानं त्याचं तिकीट काढावं, तुम्ही खाली कॉफी घ्यावी, कुणाचं कुणावर देणं राहत नाही.

गुडघ्याबद्दल वैद्यकीय सल्ला मी देणार नाही. एवढंच सांगते की अजून हाताशी काही आठवडे आहेत, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना शीट दाखवा, नुसतं ‘युरोपला चाललेय’ म्हणू नका. बूट आत्ताच घ्या आणि त्यातच रोज चाला. घडीची काठी बॅगेत असू द्या. काठी दिसली की गर्दीतली माणसं जागा देतात आणि मैत्रिणींचाही वेग आपोआप उतरतो. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. तो काढताना गुडघ्याचं दुखणं अर्जात लिहा आणि त्याबद्दल काय मिळतं, काय मिळत नाही ते विचारून घ्या. तिथेही ‘काहीही चालेल’ नको. पॅरिसमध्ये शक्य तिथे मेट्रोऐवजी बस धरा, पायऱ्या वाचतात आणि शहर दिसतं. माँमार्त्रवर जायला पायऱ्यांशेजारीच छोटी केबल-रेल्वे आहे, मेट्रोच्याच तिकिटावर चालते. व्हेनिसमध्ये एक नंबरची व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यावरची बस, ग्रँड कॅनॉलभर थांबत थांबत जाते. बसल्या बसल्या अर्धं व्हेनिस बघून होतं. हॉटेल तिच्या थांब्याजवळ घ्या, बॅगेसकट पूल चढायला नकोत. लुव्रमध्ये आणि तुमचं चित्र जिथे आहे त्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हीलचेअर मोफत मिळते. लागणार नाही कदाचित, पण मिळते हे ठाऊक असलं की मनावरचा ताण उतरतो.

हे सदर वाचणाऱ्या कॅप्टन मंडळींना एक विनंती. ‘कुणाला काही सुचवायचंय का?’ असं ग्रुपवर विचारलं की अंगठेच येतात. एकेकीला फोन करून विचारा, ‘कोणती एक गोष्ट नाही बघितलीस तर तुला वाईट वाटेल? आणि कोणत्या गोष्टीची तुला धास्ती वाटतेय?’ दुसरा प्रश्न विसरू नका. हे अठ्ठावन्नच्या मैत्रिणींना जितकं लागू तितकंच नोकरीतून दहा दिवसांची सुट्टी काढून निघालेल्या तिशीतल्या मित्रांना. तिथे गुडघ्याऐवजी पगारातला फरक असतो. एकाला परवडणारं जेवण दुसऱ्याला परवडत नसतं, आणि तोही ‘चालेल रे’ म्हणतो.

समजा तुम्ही सांगितलंत आणि कॅप्टन चिडलीच? चिडेल कदाचित. महिनोन्‌महिने राबून केलेल्या कामात कुणी उशिरा बदल सांगितला की कुणीही चिडतं, आणि तो राग काही अंशी रास्त असेल. ‘आधी का नाही बोललीस?’ या प्रश्नाला सबबी देत बसू नका. ‘लाज वाटली’ असं सरळ सांगा. हॉस्टेलमध्ये यापेक्षा मोठ्या लाजा तुम्ही एकमेकींपुढे काढल्या असतील.

आता चित्राचं, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे. राइक्सम्युझियम रोज सकाळी नऊला उघडतं, पाचला बंद होतं. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, पहिलंच, नऊचं काढा. दार उघडल्यावर बहुतेक लोक रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’कडे धावतात. तुम्ही धावू नका, लिफ्टनं वर जा. मधल्या त्या लांब दालनात, ज्याला तिथे ‘ऑनर गॅलरी’ म्हणतात, दूध ओतणारी बाई आहे. कॅलेंडरवरच्या चित्रावरून आकाराचा अंदाज येत नाही म्हणून आधीच सांगते, चित्र लहान आहे, जेमतेम दीड फूट उंच आणि रुंदीला त्याहून थोडं कमी. खिळा दिसण्याइतकं जवळ जायचं तर गर्दी व्हायच्या आत पोचायला हवं. तिकीट काढण्याआधी तिघींना विचारा, कोण येतंय. एकही आली नाही तरी एक काढा. पण मला वाटतं, तुम्ही त्यांना त्या खिळ्याबद्दल सांगितलंत, तर चार लागतील.